जुन्या फ्लॉपीतील ठेव

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात अहमदपूर येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावर बोलावे असे मला सुचविण्यात आले. कोणता कोर्स केला म्हणजे नोकरी लागते, हे ऐकण्याची आपली तयारी असेल. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज जुन्या, अडगळीत गेलेल्या संगणकी वस्तूंविषयी बोलणार आहे.

आरंभ आपल्याच मुलखापासून करतो. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याचा सरकारी कारभार उर्दूतून चाले. जुन्या नोंदींपैकी पुष्कळशा मोडीतही आहेत. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने या नोंदी तपासण्यास घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. ज्या प्रश्नासाठी ही तपासणी झाली त्यात मी शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की दप्तरे कपाटात सुखरूप होती आणि तरीही ती मुकी झाली होती.

संगणकाच्या आज्ञावलीचे असेच होते, आणि फार लवकर होते. उर्दू दप्तर मुके व्हायला दोन पिढ्या लागल्या. आज्ञावलीला वीस वर्षेही पुरतात. आज्ञावलीची दोन रूपे असतात. एक, लिहिणाऱ्याने माणसाला कळेल अशा शब्दांत लिहिलेले. त्याला सोर्स कोड म्हणतात. दुसरे, त्याचे यंत्रासाठी केलेले शून्य-एकचे रूपांतर. बाजारात आपल्याला मिळते ते दुसरे. लग्नात बिर्याणी पोटभर खाल्ली म्हणून बावर्चीचे प्रमाण हाती येत नाही, तसेच हे आहे. बावर्ची गेला की चव गेली.

आता ज्यांची मुले कॉलेजात आहेत, त्यांच्यापैकी काहींनी 1990 नंतरच्या काळात तालुक्याच्या गावी संगणकाचा क्लास केला असेल. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी रेघ, आणि चुकीचा हुकूम दिला की इंग्रजीत फटकारणारे यंत्र! त्या काळ्या पडद्यामागे बहुधा एमएस-डॉस नावाची कार्यप्रणाली असे. सिॲटलच्या एका लहान कंपनीत टिम पॅटरसन यांनी ती मुळात लिहिली आणि 1981 साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. तिचा सोर्स कोड अनेक वर्षे कुलपात होता. 2014 च्या मार्चमध्ये अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने मायक्रोसॉफ्टच्या संमतीने तिच्या दोन जुन्या आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. पण अट अशी की पाहा, अभ्यासा, व्यापार करू नका. 2018 मध्ये त्याच आवृत्त्या मुक्त परवान्याखाली आल्या, म्हणजे बदला, वापरा, वाटा, कोणी विचारणार नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये चौथी आवृत्तीही आली. मधल्या काळात, 2020 साली, जीडब्ल्यू-बेसिकचा 1983 सालचा सोर्स कोडही असाच खुला झाला. हे बेसिक आपल्याकडे अनेक विद्यार्थ्यांनी वहीवर लिहून पाठ केले. ते आतून कसे चालते, हे त्या वेळी शिकविणाऱ्यालाही पाहता येत नव्हते. आज अहमदपूरची विद्यार्थिनी फोनवर ते उघडून वाचू शकते, पैसा न देता आणि कोणाची चोरी न करता.

'खेळ कशाला जपायचे?' असे पालक विचारतील. रास्त प्रश्न आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मीही मुलाच्या हातातून खेळ काढून घेईन. परंतु एक उदाहरण ऐका. 1984-85 पासून केंद्र सरकारने 'क्लास' नावाच्या योजनेखाली देशातील काही शाळांना बीबीसी मायक्रो हे इंग्लंडचे संगणक दिले. या संगणकाची स्मृती अवघी 32 किलोबाइट. मोबाइलवरचे एक साधे छायाचित्रही याहून मोठे असते. एवढ्याशा जागेत डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी 1984 साली 'एलिट' हा खेळ बसविला. त्यात 8 आकाशगंगा, प्रत्येकीत 256 सूर्यमाला, म्हणजे एकूण 2048. इतक्यांची नावे आणि माहिती साठवायला जागा कुठली? त्यांनी ती साठवलीच नाही. तीन आकडे बीज म्हणून घेतले, त्यांची ठराविक रीतीने बेरीज करीत गेले, आणि प्रत्येक वेळी तीच सूर्यमाला त्याच नावानिशी उगवेल अशी योजना केली. हा सोर्स कोड आज वाचायला मिळतो. गणिताच्या शिक्षकांना विनंती की त्यांनी तो एकदा पाहावा. बेरजेचे असे सामर्थ्य मी पाठ्यपुस्तकात पाहिलेले नाही.

दुसरे उदाहरण 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे. वजीर जाफरच्या तळघरातून उड्या मारीत निघालेला तो पांढऱ्या कपड्यांतला तरुण आपल्याकडच्याही क्लासच्या मुलांना ठाऊक आहे. अनेकांनी बेसिकपेक्षा त्याचीच तालीम अधिक केली, असो. जॉर्डन मेक्नर यांनी हा खेळ 1989 साली प्रसिद्ध केला. त्या तरुणाची धाव म्हणजे मेक्नर यांच्या धाकट्या भावाची धाव. भावाला पळायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि एकेक चित्र उतरवून घेतले. संगीत वडिलांचे. पुढे मूळ सोर्स कोड हरवला. 2012 मध्ये त्याच वडिलांनी घरातील कपाट आवरताना जुन्या फ्लॉप्यांचा एक खोका मुलाकडे पाठविला, आणि त्यात तो निघाला! फ्लॉपीवरील चुंबकीय लेप कालांतराने निकामी होतो. म्हणून जाणकारांना बोलावून, जुनी यंत्रे जुळवून, मजकूर काळजीपूर्वक उतरवून घेण्यात आला. नंतर मेक्नर यांनी तो सर्वांना वाचायला ठेवला. घरातल्या जुन्या खोक्याला 'भंगारवाल्याला द्या' म्हणणाऱ्या पालकांनी हा प्रसंग मनाशी ठेवावा.

सर्वांचे नशीब असे नसते. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आता बाजारात रीतसर मिळत नाहीत, असे 2023 च्या एका पाहणीत आढळले. इथे विद्यार्थी लगेच म्हणतील, मग चोरून उतरवून घ्यावेत. नकली कॅसेटी आणि चोरट्या प्रती यांमुळे काही खेळ वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि दुकानात मिळत नाही म्हणून वस्तू बेवारस ठरत नाही. आपल्या कायद्यात आज्ञावलीला साहित्यकृतीचे संरक्षण आहे. लेखकाच्या हयातीनंतरही ते साठ वर्षे चालते. रीतसर घेतलेल्या आज्ञावलीची, ती नष्ट होऊ नये म्हणून, राखीव प्रत करण्यास मात्र कायद्याची मुभा आहे. म्हणूनच मालकाने आपणहोऊन सोर्स कोड खुला करणे याचे मोल मोठे आहे. विहीर त्याची, त्याने दोर-बादली ठेवून दरवाजा उघडला, आता कोणीही पाणी भरावे.

हा विषय आपल्या संस्थांच्या दाराशीही आलेला आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या अक्षरसंचांत जुळविला जाई, त्यांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसे. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी नुसता त्याचा आकार बसविलेला असे. तो अक्षरसंच नव्या संगणकावर नसेल तर स्मरणिकेच्या पानावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. उर्दूचीही तीच अवस्था. कातिबाच्या कलमाची जागा इनपेजने घेतली, नस्तालीक सुरेख उमटू लागले. पण जुन्या इनपेज फाइली इतरत्र उघडत नाहीत. त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्या लागतात.

तेव्हा ज्यांच्या घरी, छापखान्यात किंवा शाळेच्या कपाटात जुन्या फ्लॉप्या व सीडी असतील, त्यांनी त्या उन्हापासून आणि लोहचुंबकापासून दूर ठेवून, वर वर्ष आणि वापरलेल्या अक्षरसंचाचे नाव लिहून कार्यालयात आणून द्याव्यात. अकरावी-बारावीच्या संगणक विषयाच्या मुला-मुलींनी सुटीत ते काम हाती घ्यावे. फ्लॉपी वाचणारे यंत्र यूएसबीला जोडता येते, ते एक संस्थेने घ्यावे. सुरुवात उर्दू अंकांपासून करावी, कारण ते जुळविणारे हात आता मोजकेच उरले आहेत आणि त्यांना विचारता येईल तोवर विचारून घ्यावे.