पेढीवरील सलोखा

(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा सारांश)



'व्यवसायातील सहकार्य' या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी विद्वान नाही. लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत कापड मोजण्यात ज्याचे आयुष्य गेले, असा एक व्यापारी आहे. अनुभवाने इतके मात्र सांगू शकतो, की मंदी आली तरी पेढी तग धरते, उधारी बुडाली तरी सावरते; परंतु गल्ल्यावरचा माणूस आणि गादीवरचा माणूस एकमेकांशी बोलेनासे झाले, की पायरी चढतानाच ग्राहकाला ते कळते.

असे कलह बहुधा क्षुल्लक कारणावरून सुरू होतात. आपल्याच भागातील एका पेढीवर लग्नसराईत बस्ता बांधला गेला. पहिल्या दिवशी एका सेल्समनने दोन तास साड्या उलगडून दाखविल्या. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती, म्हणून दुसऱ्याने आहेराचे कापड दाखवून भाव जुळविला व बिल त्याच्या नावे झाले. टक्केवारीची रक्कम किरकोळ होती, पण दोघांत अबोला धरला गेला. शेटजींनी दोघांना वेगवेगळे बसवून ऐकले, तेव्हा दोघेही खरेच बोलत होते. एकाचे श्रम खरे आणि दुसऱ्याचे कसबही खरे! आपण ज्याला अनेकांत म्हणतो, त्याची कसोटी ही अशी गादीवर लागते. शेटजींनी कोणालाच दोषी ठरविले नाही. बस्त्याची टक्केवारी त्या विभागातील सर्वांना समान वाटली जाईल, असा नियम त्यांनी केला. कलहाचे कारणच उरले नाही.

समान वाटणीची ही रीत आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईच्या डबेवाल्यांचा कारभार महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केला आणि १९५६ साली त्यांची विश्वस्त संस्था झाली. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतील हे कष्टकरी बांधव लहान लहान गटांत काम करीत आले. गटाची मिळकत सभासदांत सारखी वाटली जाते. गटात दोन-तीन माणसे जादा ठेवली जातात, म्हणजे कोणी आजारी पडला तर त्याचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर एकाएकी येत नाही. तंटा झाला तर तो अनुभवी मुकादम मिटवितो. आणि हा मुकादम स्वतःही डबे वाहतो! जो सोबत ओझे वाहतो, त्याच्या शब्दाला मान असतो. २०२० च्या टाळेबंदीने या व्यवसायाला मोठा तडाखा दिला, परंतु त्यामुळे या रीतीचे मोल कमी होत नाही.

तक्रार ऐकणारे दार बंद असले तर काय होते, हेही आपण कापडवाल्यांनी पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वेतन व बोनस या मागण्या तर होत्याच; परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये एकाच संघटनेला प्रतिनिधी म्हणून मान्यता होती आणि बहुसंख्य कामगारांचा तिच्यावर विश्वास उरलेला नव्हता. ज्याच्याशी बोलणी व्हायची त्याच्यामागे कामगार नव्हते, आणि ज्याच्यामागे कामगार होते त्याच्याशी बोलणी होत नव्हती. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. कित्येक गिरण्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत आणि हजारो घरे उघड्यावर आली. गिरण्यांच्या दुरवस्थेस इतरही कारणे होती, परंतु संवादाचे दार बंद राहिल्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली.

आपली पेढी लहान आहे, म्हणून हे दार उघडे ठेवणे आपल्याला सोपे आहे. त्यासाठी काही गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली, कामाची वाटणी स्पष्ट असावी. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जुने मुनीमजी व संगणकावरचा तरुण यांच्यात अनेक पेढ्यांवर धुसफूस सुरू झाली. बिल कोणी करायचे, उधारीची वही कोणी पाहायची, हे आधीच ठरले तर दोघांचाही मान राहतो. दुसरी, आठवड्यातून एकदा, वर्दळ नसलेल्या वेळी, प्रत्येकाचे म्हणणे ऐकावे. तिसरी, शाबासकी चारचौघांत द्यावी, कानउघाडणी मात्र एकांतात करावी. चौथी, आपला मुलगा वा पुतण्या गादीवर बसत असेल, तर नियम त्यालाही तोच असावा. येथे भेदभाव झाला, की बाकीचे सर्व नियम व्यर्थ जातात.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रत्येक गोष्ट समजुतीने मिटवायची नसते. महिला कर्मचाऱ्याच्या छळाची तक्रार आली, तर 'जाऊ द्या, सांभाळून घ्या' असे म्हणणे हा सलोखा नव्हे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती आवश्यक आहे. त्याहून लहान आस्थापनेतील भगिनीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ही माहिती तिला देणे हे आपले कर्तव्य आहे.

बंधू-भगिनींनो, आपण वर्षातून एकदा परस्परांची क्षमा मागतो. ती परंपरा थोर आहे. परंतु पेढीवरील कटुता त्या दिवसापर्यंत साठवून का ठेवावी? आपण रोकड रोजच्या रोज मिळवितो आणि दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत उठत नाही. माणसामाणसांतील फरकाचाही तसाच त्वरेने मेळ घालावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेन्द्र!