नोरीची गुंडाळी आणि एका विदुषीचे ऋण



वर्धापनदिनी मी पाककृतीवर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मला व्याख्यानाची सवय नाही. परंतु मुलीच्या बाळंतपणानिमित्त मी चार महिने जपानात ओसाका शहरी राहून आले. तेथे शेजारच्या आजींनी मला हाताला धरून शिकविलेला पदार्थ आज सांगते. तो म्हणजे 'माकीझुशी', सुशीची गुंडाळी.

सुशी म्हणजे कच्चा मासा, असे समजून आपण नाक मुरडतो. मीही मुरडले होते. पण सुशीचा प्राण आहे आंबटगोड भात. आत काय घालावयाचे तो पुढचा प्रश्न. आखूड दाण्याचा, चिकट होणारा तांदूळ घ्यावा. दोन वाट्या तांदळाच्या गरम भातात चार मोठे चमचे तांदळाचा शिरका, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ एकत्र विरघळवून घालावे. भात कालवू नये. लाकडी उलथन्याने अलगद कापल्यासारखा परतावा व पंख्याने वारा घालून कोमट करावा.

नंतर वेळूच्या काड्यांच्या लहान चटईवर 'नोरी' म्हणजे समुद्रशेवाळाचा कागदासारखा पातळ पापुद्रा पसरावा. तुळतुळीत बाजू खाली ठेवावी. ओल्या हाताने भात पातळ थापावा, पलीकडची कड बोटभर मोकळी सोडावी, मध्ये सारण ठेवून सुरळीच्या वडीसारखे गुंडाळावे. सुरी प्रत्येक वेळी ओली करून तुकडे पाडावेत.

आत एकच जिन्नस असेल ती बारीक गुंडाळी 'होसोमाकी'. काकडीची 'कप्पामाकी' आणि ट्यूना माशाची 'तेक्कामाकी' ह्या त्यातल्याच. कप्पा हा तेथील लोककथांतला जलपिशाच्च. त्याला काकडी फार प्रिय, म्हणून हे नाव. जाड गुंडाळीला 'फुतोमाकी' म्हणतात. तीत अंड्याची गोडसर पोळी, शिजविलेले अळंबे, काकडी असे चारपाच जिन्नस असतात. पापुद्र्याचा द्रोण करून हातातच खावयाची ती 'तेमाकी'. भात बाहेर व नोरी आत अशी 'उरामाकी' अमेरिकेत लोकप्रिय झाली. खेकड्याच्या चवीचा मासा, अ‍ॅव्होकॅडो आणि काकडी घातलेला 'कॅलिफोर्निया रोल' त्याच जातीचा. ओसाकाकडे फेब्रुवारीच्या आरंभी 'सेत्सुबुन'च्या सणाला त्या वर्षीच्या शुभ दिशेकडे तोंड करून आख्खी जाड गुंडाळी एक शब्दही न बोलता खातात!

मला मौज वाटली ती 'कानप्यो'ची. ह्या पिवळसर फिती म्हणजे भोपळ्याच्या गराच्या लांब पट्ट्या काढून वाळविलेल्या. आपल्या दुधीचाच तो भाऊबंद. भिजवून, सोया व साखरेत शिजवून त्या गुंडाळीत घालतात. मात्र शाकाहारी भगिनींनी बाहेर खाताना विचारून घ्यावे. शिजविण्याच्या पाण्यात पुष्कळदा वाळविलेल्या माशाचा अर्क असतो.

आता मुख्य गोष्ट. आजी म्हणाल्या, "ही नोरी आमच्या ताटात टिकली, ती एका इंग्रज बाईमुळे." नोरीचे शेवाळ थंडीत समुद्रातल्या जाळ्यांवर वाढते आणि उन्हाळ्यात दिसेनासे होते. त्याचे बी कोठून येते, हे कोळ्यांना शतकानुशतके ठाऊक नव्हते. पीक आले तर आले, नाहीतर दैव! हे कोडे कॅथलीन ड्रू-बेकर ह्या बाईंनी १९४९ साली उलगडले. उन्हाळ्यात ते शेवाळ शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म तांबूस धाग्यांच्या रूपाने राहते, हे त्यांना दिसून आले. ह्याच शोधावरून जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांत बी वाढविण्याची रीत बसविली आणि नोरीची खरी शेती सुरू झाली.

ह्या बाई मँचेस्टर विद्यापीठात शिकवीत. १९२८ साली विवाह झाला आणि विवाहित स्त्रीला नोकरी नाही, ह्या तेथील नियमाने त्यांचे पद गेले. तरीही त्यांनी संशोधन सोडले नाही. त्या जपानला कधीच गेल्या नाहीत. १९५७ साली त्या वारल्या, आणि १९६३ साली कुमामोतो प्रांतातील उतो येथे समुद्राकाठी नोरी पिकविणाऱ्यांनी त्यांचे स्मारक उभारले. आजही दर वर्षी १४ एप्रिलला तेथे त्यांचे स्मरण होते.

हे ऐकले त्या दिवशी गुंडाळी करताना माझे हात थांबले. मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झाले. लग्नानंतर पुस्तके माळ्यावर गेली, ती तेथेच राहिली. मला कोणी मना केले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. मीच पुन्हा शिडी लावली नाही. मुंबईस परतल्यावर ती खाली काढली आहेत.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्यापैकी ज्यांचे, किंवा ज्यांच्या सुनांचे, शिक्षण अर्धवट राहिले असेल, त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. गुरुवारी दुपारी दिवाणखाना माझा, चहा माझा. आणि पहिल्या दिवशी काकडीची गुंडाळीही मीच करीन.