आशापूर्णादेवी आणि त्यांची सत्यवती

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, ‘जिचे पुस्तक उशाशी घेऊन बसता तिच्याविषयी बोला. ती तरी कुठे शाळेत गेली होती?’ म्हणून आज बंगाली कादंबरीकार आशापूर्णादेवी यांच्याविषयी चार शब्द सांगते. मला बंगाली येत नाही. जे वाचले ते भाषांतरातूनच.

आशापूर्णादेवींचा जन्म कलकत्त्यात ८ जानेवारी १९०९ रोजी झाला. वडील हरेंद्रनाथ गुप्त चित्रकार होते. आई सरलासुंदरी यांना वाचनाचे भारी वेड. पण घरात शब्द चाले तो आजीचा, आणि मुलींनी शाळेत जायचे नाही हा आजीचा नियम. भाऊ पुस्तक उघडून मोठ्याने धडा म्हणत, आणि ही धाकटी पोर त्यांच्यासमोर बसून टक लावून बघे. समोरून बघत असल्यामुळे तिला अक्षरे आधी उलटी वाचता येऊ लागली, असे सांगतात. जिला पुस्तकाच्या पलीकडच्या बाजूला बसवले, तिने तिकडूनच ते वाचून घेतले!

तेराव्या वर्षी, १९२२ साली, तिने ‘शिशुसाथी’ या मुलांच्या मासिकाकडे एक कविता धाडली. ती छापून आली आणि संपादकांनी आणखी लिहिण्याविषयी कळवले. १९२४ साली, पंधराव्या वर्षी, कालिदास गुप्त यांच्याशी लग्न झाले. पुढे घरकाम, मुलेबाळे, पै-पाहुणा, आणि सगळे आवरले की लिहिणे. बरीच वर्षे त्या मुलांसाठीच लिहीत. मोठ्यांसाठी पहिली गोष्ट आली १९३६ साली, आणि पहिली कादंबरी १९४४ साली. पुढे त्यांच्या हातून दीडशेच्या वर कादंबऱ्या झाल्या. आपण वाण्याची यादी लिहायला बसलो तरी तीनदा उठावे लागते, हे ज्या त्या बाईने आपल्या मनाशी ताडून पाहावे.

पण मला बोलायचे आहे ते त्यांच्या तीन कादंबऱ्यांविषयी. ‘प्रथम प्रतिश्रुती’ १९६४ ची, ‘सुवर्णलता’ १९६७ ची आणि ‘बकुलकथा’ १९७४ ची. आई, लेक आणि नात, अशी ही एकाच घराण्यातल्या तीन बायकांची कथा आहे.

आई म्हणजे सत्यवती. रामकाली नावाच्या नामांकित वैद्याची मुलगी. आठव्या वर्षी लग्न झालेली, पण जिभेला हाड नाही. ‘असे का?’ हा प्रश्न ती बापालाही विचारते. स्वतः लिहा-वाचायला शिकते. नवरा नवकुमार भित्रा. तिच्यावर माया करील, पण आईपुढे तोंड उघडणार नाही. असे नवरे काही बंगालातच होतात असे नाही. सत्यवती हट्ट धरून संसार खेड्यातून कलकत्त्याला नेते. एकच आस, की आपली लेक सुवर्ण शिकावी. आपल्यासारखे तिचे बालपणी लग्न होऊ नये. आणि मग नवरा मुलीला गावी घेऊन जातो, तिथे सासू आईच्या पाठीमागे त्या नऊ वर्षांच्या पोरीचे लग्न उरकून टाकते. सत्यवती पोचते तेव्हा सारे संपलेले असते. ती घरात पाऊल टाकत नाही. तिथूनच मागे फिरते आणि काशीला वडिलांकडे निघून जाते. संसार सुटला तो सुटलाच.

हे प्रकरण मी वाचले तेव्हा मनात म्हटले, शाबास! दुसरी कादंबरी वाचली आणि तो शब्द घशातच अडकला.

कारण मागे राहिली ती सुवर्णलता. सासरी उठता-बसता टोमणा एकच, ‘आई घर सोडून गेलेली, तिचीच तू लेक!’ आईने मान राखला तो स्वतःचा. त्याची किंमत लेक जन्मभर मोजत राहिली. सुवर्णलतेला फार काही नको असते. नवे घर बांधले जाते तेव्हा ती एक सज्जा मागते, आपण गॅलरी म्हणतो ना, तोच. तिथे उभे राहून चार माणसे, रस्ता, आभाळ बघावे. नवरा होकार देतो. वास्तुशांतीच्या दिवशी ती साऱ्या घरातून सज्जा शोधत फिरते. सज्जा बांधलेलाच नसतो. पुढे ती आपल्या आयुष्याची हकीकत लिहिते, छापूनही घेते. छपाई इतकी गचाळ होते, की घरची माणसे वाचून खो खो हसतात. ती साऱ्या प्रती गच्चीवर नेऊन जाळते.

तिची लेक बकुल मात्र लेखिका होते, अनामिकादेवी या नावाने. आजीची सारी कथा बकुलच्या वहीतली, असे आशापूर्णादेवींनी पहिल्याच पुस्तकात सांगून ठेवले आहे.

मग सत्यवती गेली ते बरे केले की वाईट? सत्यवती राहिली असती तर काय झाले असते? लग्न तर मोडले नसते. सुवर्णला माहेर मात्र राहिले असते. माझे मत सुवर्णच्या बाजूने पडते. आमच्या सूनबाई म्हणतात, सत्यवती राहिली असती तर बकुलला लिहिण्याजोगे काय उरले असते? आशापूर्णादेवी दोघींचा निवाडा करीत नाहीत. पुरुषांनाही त्या राक्षस करून रंगवीत नाहीत. सासूसुद्धा वाईट का झाली, ते कळावे इतपत लिहितात.

‘प्रथम प्रतिश्रुती’ला १९६६ साली रवींद्र पुरस्कार आणि १९७६ साली ज्ञानपीठ मिळाले. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आपल्या खांडेकरांना ते १९७४ चे मिळाले होते. १३ जुलै १९९५ रोजी आशापूर्णादेवी वारल्या.

मंडळाच्या कपाटात पहिली कादंबरी आहे, दुसरी मागवली आहे. पंधरा दिवसांच्या वर कोणी ठेवू नये, नंबर लागलेले आहेत. ज्यांचे वाचून होईल त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यावे आणि सत्यवतीविषयी आपले मत सांगावे. आमच्या सूनबाई तयारीतच आहेत.