नारखेडचे भाऊसाहेब



नारखेड कोठे आहे, हे वडनेर भोलजीच्या मंडळींना सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्याच नांदुरा तालुक्यातील त्या खेड्यात २१ ऑगस्ट १९५० रोजी पांडुरंग फुंडकर यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना भाऊसाहेब म्हणून ओळखू लागला.

१९७८ साली जनता पक्षाचे आमदार म्हणून खामगावने त्यांना विधानसभेत पाठविले. १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाची स्थापना होऊन दोनच महिने झाले होते. तरीही त्या नव्या चिन्हावर खामगावकरांनी त्यांनाच कौल दिला. पुढे अकोल्याने १९८९, १९९१ व १९९६ असे तीन वेळा त्यांना लोकसभेत धाडले. प्रदेशाध्यक्षपद, विधान परिषदेतील विरोधी पक्षनेतेपद हे सारे क्रमाने आले. पदांची यादी इथेच थांबवू. कार्यकर्त्याचे मोजमाप पदांनी होत नाही, आणि भाऊसाहेबांचे तर नाहीच नाही.

विरोधी पक्षनेते म्हणून त्यांची कारकीर्द २००५ ते २०११ ही. तो काळ वऱ्हाडातील कापूस उत्पादकाच्या आत्महत्यांचा होता. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात बुलढाणाही होता. सिंचन व थकीत व्याज यांवर त्याचा मोठा भाग होता. तरीही आत्महत्या थांबल्या नाहीत. मदत पोहोचते, पण उत्पन्नाचे साधन मागे राहत नाही, हे दुखणे तेव्हा उघड झाले.

जुलै २०१६ मध्ये भाऊसाहेब राज्याचे कृषिमंत्री झाले. पुढचे वर्ष कसोटीचे ठरले. जूनमध्ये शेतकऱ्यांचा संप झाला आणि त्याच महिन्यात दीड लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली. नंतर कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या सुरक्षेची शिकवण बांधापर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न त्यांच्याच खात्याला विचारला गेला, आणि तो योग्यच होता. आपल्या माणसाविषयी बोलताना हे वगळून चालणार नाही.

३१ मे २०१८ रोजी मंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी राज्याने फळबाग लागवडीच्या नव्या योजनेला त्यांचे नाव दिले. या योजनेचे मर्म समजून घेण्यासारखे आहे.

वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी ही मागणाऱ्याला काम देणारी योजना. १९९० पासून तिला फळबाग जोडली गेली. मजुरी मिळाली आणि मागे झाडही उरले. पुढे मनरेगा आली. तिच्यात जॉबकार्ड हवे, लाभ दोन हेक्टरपर्यंतच. अडीच-तीन हेक्टरांचा, घरचेच राबणारा कोरडवाहू शेतकरी मधल्यामध्ये लटकला. गरिबांच्या यादीत त्याचे नाव नाही, आणि सधन तर तो कधीच नव्हता. आपल्या भागात असे घर शोधायला दूर जावे लागत नाही.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना नेमकी याच्यासाठी आहे. कोकणात दहा हेक्टर, अन्यत्र सहा हेक्टरपर्यंत. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के. खड्डे, कलमे, लागवड, खते यांचा भार शासनाचा. जमिनीची मशागत व कुंपण शेतकऱ्याचे. दुसऱ्या वर्षी बागायती झाडांपैकी ९० टक्के व कोरडवाहूंपैकी ८० टक्के झाडे जिवंत असली पाहिजेत. मेलेल्या झाडाच्या जागी नवे कलम स्वखर्चाने लावायचे. कागदावरच्या बागांना पायबंद घालणारी ही अट उत्तम आहे.

परंतु पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात ती जड जाते. विहिरीचे पाणी खारट. ठिबक असले तरी त्यातून झिरपणार तेच पाणी. गोड पाण्याची आशा ज्यावर होती, तो आपल्याच तालुक्यातील जिगाव प्रकल्प भाऊसाहेबांच्या हयातीत पूर्ण झाला नाही. म्हणून इथल्या कार्यकर्त्याने अर्ज भरून देण्यापूर्वी त्या शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, आणि पहिल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, त्या बागेत एक चक्कर मारावी.