वाजवणाऱ्याचा मान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सूत्रसंचालकांनी मला पाचच मिनिटं दिली आहेत, म्हणून सरळ विषयावर येतो. आपल्या बॅचने शाळेचं बँड पथक पुन्हा उभं करावं, असा माझा प्रस्ताव आहे.

आपल्या मराठवाड्यातल्या शाळेचा बँड इतरांपेक्षा एक दिवस जास्त वाजतो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट सगळ्या देशाचे. १७ सप्टेंबर मात्र आपला. १९४८ साली त्या दिवशी निजामी राजवटीतून आपण सुटलो. त्या दिवसाच्या प्रभातफेरीत पुढे ढोल, मागे लेझीम आणि त्यामागे आपण, हे सगळ्यांना आठवत असेल. आता बहुतेक ठिकाणी रिक्षावर स्पीकर लावून काम भागवतात.

पुण्यात याच्या उलट घडलं. १९६२ साली अप्पासाहेब पेंडसे यांनी सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बरची आणि ढोल-ताशा शिस्तीत बसवून मिरवणुकीत आणला. पुढे रमणबाग, नूमवि अशा जुन्या शाळांच्या नावाने माजी विद्यार्थ्यांची पथकं निघाली. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सराव सुरू होतो. नोकरीवरून थेट सरावाला येणारी मुलं-मुली कमरेला ढोल बांधतात. ताशा इशारा देतो, ढोल त्याला उत्तर देतात, झांजा आणि टोल ठेका धरतात, पुढे ध्वज नाचतो. वादकाला मानधन नसतं. मंडळाकडून मिळणारी रक्कम वाद्यांच्या दुरुस्तीला आणि बऱ्याच पथकांत समाजकार्याला जाते.

त्याच प्रबोधिनीचा आपल्या भागाशीही संबंध आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावं नुकतीच झोपली होती. मदतीला आलेली प्रबोधिनी परत गेली नाही. लोहारा तालुक्यातल्या हराळीला तिने निवासी शाळा उभी केली. बिनपैशाने एकत्र जमायची सवय असली की माणसं अडचणीच्या वेळीही जमतात, असं मला वाटतं.

आता थोडं कडू बोलतो. आपल्याकडे वाजवणं ही कला कधी कमी नव्हती. हलगी शेकोटीवर तापवून तिचा आवाज कडक करणारे, लग्नात रात्र-रात्र बँड वाजवणारे लोक आपल्या गल्लीच्या पलीकडेच राहत होते. हलगी प्रामुख्याने मातंग समाजाने जपली. त्यांच्याशिवाय वरात निघत नव्हती, पण जेवायला त्यांना शेवटी बसवलं जायचं, तेही वेगळं. आज शिकलेल्या घरातली मुलं हौसेनं ढोल वाजवतात तेव्हा लोक फोटो काढतात. पोटासाठी वाजवणाऱ्याला तो मान अजून मिळालेला नाही. आपलं पथक निघालं तर त्यात हा हिशेब आधी चुकता व्हायला हवा.

आवाजाचाही प्रश्न आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या एका पथकात तीसच वादक असावेत असं सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कोर्टाचं कोर्ट बघेल. आपल्याला दवाखाना, परीक्षा आणि म्हातारी माणसं दिसली म्हणजे पुरे.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. एक, आपण सुपारी घ्यायची नाही. दोन, शिकवायला हलगी आणि बँडचे जाणकार उस्ताद बोलवायचे, त्यांना पूर्ण मानधन द्यायचं आणि कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवायचं. तीन, सराव रविवारी सकाळी, शाळेच्या मैदानावर. मुलींना पहिल्या दिवसापासून ढोल, नुसत्या झांजा नाहीत. चार, पहिलं वादन येत्या १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला, आणि आपल्याबरोबर आठवी-नववीची मुलं असतील.

शाळेच्या खोलीत ढोल-ताशे अजून आहेत. पानं फाटलीत, दोऱ्या कुजल्यात, पण सांगाडे धड आहेत. पानं बदलण्याचा खर्च वर्गणीतून सहज निघेल. पैसे देणारे आपल्यात भरपूर आहेत. रविवारी सकाळी येणारे किती, ते मला हवं आहे.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी नाव आणि कोणतं वाद्य, एवढंच लिहा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ट्रँगल राखून ठेवला आहे.