रोमच्या सामान्यजनांनी कायदा कसा मिळविला



आज मी आपल्यापुढे प्राचीन रोमच्या इतिहासातील एक प्रकरण मांडणार आहे. रोम म्हटले की सीझर, त्याच्या फौजा आणि विजयाच्या मिरवणुका डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मला सांगावयाचे आहे ते त्याच्याही पूर्वीचे, रोम हे टायबर नदीकाठचे एक लहानसे नगरराज्य होते त्या काळातील. त्या नगरातील सामान्य माणसाने कायदा वरिष्ठांच्या मुठीतून कसा सोडविला, त्याची ही हकीकत आहे. या कामी त्याला दोनशेहून अधिक वर्षे लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात या भांडणाचा दाखला दिलेला आहे. तो ज्यांनी वाचला असेल त्यांना यातील नावे परिचित वाटतील.

परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व ५०९ मध्ये रोमनांनी आपल्या राजाला हाकलून दिले. त्याच्या जागी दरवर्षी दोन कॉन्सल निवडण्यात येऊ लागले. राजा गेला, पण सत्ता सर्वांच्या हाती आली नाही. नागरिकांत दोन वर्ग होते. काही थोड्या घराण्यांतील लोक पॅट्रिशियन, म्हणजे जन्मतः वरिष्ठ, आणि शेतकरी, कारागीर, व्यापारी असे बाकीचे सर्व प्लेबियन. प्लेबियनाने लढाईत रक्त सांडावे, परंतु पुरोहितपद त्याला बंद होते आणि राज्याची मोठी अधिकारपदे पॅट्रिशियनांनी आपल्याकडे राखली होती. लढाईवरून परतावे तो शेत ओसाड आणि दारात सावकार, अशी त्याची स्थिती होई. कर्ज फिटले नाही तर ऋणकोचा देहच सावकाराच्या ताब्यात जाई.

या सर्वांवर कळस म्हणजे कायदा लिहिलेला नव्हता. तो पुरोहितमंडळाच्या स्मरणात होता आणि ते मंडळ पॅट्रिशियनांचे होते. न्यायासनासमोर कोणत्या दिवशी उभे राहता येईल व दावा कोणत्या शब्दांत मांडावयाचा, हे तेच सांगणार. जो कायदा आपल्याला वाचता येत नाही, त्याचा भंग आपण केला की समोरच्याने केला, हे आपण कशावरून ठरविणार?

लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो की इ. स. पूर्व ४९४ मध्ये कर्जाने गांजलेले प्लेबियन नगर सोडून निघाले आणि तीन मैलांवरील एका टेकडीवर जाऊन राहिले. त्यांनी लूट केली नाही, कोणाच्या अंगावर हात टाकला नाही. त्यांनी केवळ आपले श्रम आणि आपली शस्त्रे काढून घेतली, आणि तेवढ्याने नगर हादरले. सीनेटने मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या माणसाला समजूत घालण्यास पाठविले. त्याने एक गोष्ट सांगितली. शरीराचे अवयव पोटावर रुसले, त्यांनी पोटाला अन्न देण्याचे बंद केले आणि शेवटी तेच क्षीण झाले. शरीराच्या अवयवांची उपमा देऊन माणसांची पायरी ठरविणाऱ्या कथा आपल्याला नवीन नाहीत. परंतु नुसती गोष्ट ऐकून प्लेबियन घरी गेले, असे कोणी समजू नये. आपले स्वतःचे अधिकारी, ट्रिब्यून, मान्य करून घेतल्यावरच ते परतले. ट्रिब्यूनाच्या अंगाला हात लावणे हा घोर अपराध ठरला. अधिकाऱ्याच्या जुलमाविरुद्ध तो मध्ये पडून मनाई करू शके. त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असले पाहिजे, असा दंडक होता.

रक्षक मिळाला, तरी कायदा अजून अंधारातच होता. इ. स. पूर्व ४६२ मध्ये टेरेंटिलियस या ट्रिब्यूनाने कायदा लिहून काढण्याची मागणी केली. ती वरिष्ठांनी सुमारे दहा वर्षे रोखून धरली. अखेर ४५१ व ४५० या दोन वर्षांत दहा जणांच्या मंडळांनी तो लिहिला आणि बारा फलकांवर कोरून नगराच्या चौकात, फोरममध्ये, उभा केला. हेच ते रोमचे सुप्रसिद्ध द्वादश फलक होत. आपल्या लहानपणी मुले ते तोंडपाठ करीत, असे सिसेरो हा वकील चारशे वर्षांनंतर लिहितो.

या फलकांतील कायदा दयाळू होता काय? मुळीच नाही. कर्ज सिद्ध झाल्यावर ते फेडण्यास तीस दिवसांची मुदत, नंतर बेड्या, शेवटी टायबरच्या पलीकडे गुलाम म्हणून विक्री. स्वतंत्र माणसाचे हाड मोडले तर दंड ३०० नाणी, गुलामाचे मोडले तर १५०. परंतु कठोर असला तरी तो आता सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. तीस दिवस म्हणजे तीस दिवस. सावकाराला ते वीस करता येत नव्हते. एकट्या माणसाला लक्ष्य करून कायदा करू नये, हे तत्त्वही त्या फलकांवर होते.

कायदा लिहिणारा हात मात्र आपला स्वभाव सोडीत नाही. शेवटच्या दोन फलकांत एक कलम असे आले की पॅट्रिशियन व प्लेबियन यांचा विवाह होऊ शकणार नाही. जे लिहिलेले असते त्यावर बोट ठेवता येते. पाचच वर्षांनी, ४४५ मध्ये, कॅन्युलियस या ट्रिब्यूनाने ते कलम रद्द करविले. अशा विवाहांनी रक्त भ्रष्ट होईल व देवांचे शकुन बिघडतील, अशी ओरड वरिष्ठांनी केली. विवाह झाले, रोम बुडाले नाही. उलट पुढील दोन शतकांत त्याने जवळजवळ सारी इटली आपल्या सत्तेखाली आणली.

आता माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. कायदा लिहिला गेला, पण दाव्याचे ठरीव शब्द अजून पुरोहितांपाशीच होते. कोणाच्या तरी द्राक्षवेली तोडल्या गेल्या आणि त्याने दाव्यात 'वेली' असे म्हटले. फलकांत शब्द होता 'झाडे'. तेवढ्यावर तो दावा हरला. गायस या कायदेपंडिताने हे उदाहरण नोंदविले आहे. ही कुलुपे इ. स. पूर्व ३०४ च्या सुमारास नियस फ्लेव्हियसने उघडली. तो गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाचा मुलगा, पेशाने कारकून. त्याने दाव्यांचे शब्द प्रसिद्ध केले आणि न्यायाचे दिवस पांढऱ्या फळ्यांवर लिहून फोरमभोवती लाविले. त्याची मोठ्या पदावर निवड झाली तेव्हा सरदारांनी संतापाने आपल्या सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवल्या. तो एका आजारी सहकाऱ्याला भेटण्यास गेला असता तेथील उमराव तरुण उठून उभे राहिले नाहीत. त्याने शांतपणे आपले अधिकाराचे आसन मागविले आणि त्यांच्यासमोर त्यावर बसला.

यापूर्वीच, ३६७ मध्ये, एक कॉन्सल प्लेबियन असावा असे ठरले होते आणि ३२६ च्या सुमारास कर्जापायी देह बांधून घेण्याची चाल बंद झाली होती. ३०० मध्ये पुरोहितमंडळाची दारे उघडली. २८७ मध्ये प्लेबियन पुन्हा एकदा नगराबाहेर गेले, आणि त्यांच्या सभेचे ठराव सर्व रोमला बंधनकारक झाले.

येथे ही हकीकत संपली असती तर मी आनंदाने खाली बसलो असतो. परंतु अर्धे सांगणे हा असत्याचाच एक प्रकार आहे. गुलाम या साऱ्या हक्कांच्या बाहेरच राहिला. आणि जी प्लेबियन घराणी श्रीमंत झाली, कॉन्सल झाली, ती पॅट्रिशियनांच्या पंक्तीला जाऊन बसली व त्या दोघांचा मिळून एक नवा उमराववर्ग झाला. सार्वजनिक जमीन कोणी सुमारे ३०० एकरांहून अधिक धरू नये, हा ३६७ चा म्हणून सांगितला जाणारा कायदा कागदावर राहिला. इ. स. पूर्व १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनाने तो अमलात आणावयास घेतला, तेव्हा सीनेटचे सभासद आणि त्यांची माणसे यांनी त्याला लाठ्यांनी ठार केले. ज्याच्या अंगाला हात लावणे अपराध होता, तो हा ट्रिब्यून! टेकडीवर एकत्र गेलेल्यांचे वंशज तोवर दोन ठिकाणी राहावयास गेले होते.

म्हणून माझे आपल्याला दोन शब्दांचे सांगणे आहे. पहिले, कायदा लिहिला गेला म्हणजे काम झाले असे मानू नका. तो घरात आणा, मुलामुलींकडून मोठ्याने वाचवून घ्या, नोटीस आली तर तिच्यातील मुदत आधी पाहा, आणि कागद समजल्याखेरीज सही करू नका. वकिलाकडे जाल तेव्हा त्याला प्रश्न विचारा. जो वकील प्रश्नांना कंटाळतो त्याच्यात आणि त्या पुरोहितांत फारसे अंतर नाही. दुसरे सांगणे शिकलेल्यांना, म्हणजे मलाही आहे. आपल्याला पद मिळाले, शहरात घर झाले, तरी ज्यांच्याबरोबर आपण टेकडी चढलो त्यांच्यासाठी त्या घराचे दार, ट्रिब्यूनाच्या दाराप्रमाणे, रात्रंदिवस उघडे असावे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम.