संप संपला का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरं असतात, असा लोकांचा समज आहे. पण या दोहोंत न बसणारा पहिला प्रश्न मला आपल्या लालबागच्या शाळेतच पडला. चौथीत फॉर्म भरताना रकाना आला : ‘वडिलांचा व्यवसाय’.

बाबा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. बाबा म्हणायचे, “मी संपावर आहे.” आई म्हणायची, “संप कधीच संपला.” मी रकाना कोरा ठेवला. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा दोघांचं म्हणणं सांगितलं. बाई म्हणाल्या, “मग दोन्ही लिही.”

पुढे तर्कशास्त्रात शिकले, की एक विसंगती खरी मानली तर त्यातून काहीही सिद्ध करता येतं. अगदी गिरगाव चौपाटीचं पाणी गोड आहे, हेसुद्धा!

जैनांचा स्याद्वाद अशा वेळी विचारतो, ‘कोणत्या अपेक्षेने?’ कागदावर संप चालू, भोंग्याच्या हिशेबाने संपलेला. भांडण मिटलं. पण ‘हे वाक्य खोटं आहे’ हे वाक्य घ्या. खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. इथे अपेक्षा बदलून भागत नाही. ग्रॅहम प्रीस्ट हे तत्त्वज्ञ म्हणतात, ते खरंही आहे आणि खोटंही. मला हे अजून पुरतं पचलेलं नाही.

मला जवळचे वाटतात न्यूएल बेलनॅप. १९७७मध्ये त्यांनी संगणकासाठी चार उत्तरं मांडली : खरं, खोटं, दोन्ही, एकही नाही. उलटसुलट माहिती आली तर ‘दोन्ही’ नोंदवायचं आणि बाकीची माहिती नासू द्यायची नाही. ‘दोन्ही’ म्हणजे जग तसं आहे असं नव्हे. आपल्याला दोन्ही सांगितलं गेलंय, एवढंच. कोरा रकाना वेगळा. तिथे कुणी काहीच सांगितलेलं नसतं.

बाबा गेले, तेव्हा मृत्यूनोंदणीच्या अर्जात तोच रकाना पुन्हा समोर आला. मी लिहिलं : ‘गिरणी कामगार, संपावर’.

बाई, तुमचंच ऐकलं.